मुंगीचा कण आणि गरगरणारा स्विच

ही गोष्ट ढेरपोट्या कॉम्प्युटरच्या वेळची. तेव्हा फोनमध्ये माणसं दिसत नसत. दूरचा माणूस बघायचा, तर हेमामावशीच्या खोलीत जायचं. तिथे कॉम्प्युटर होते.

अबोली तिथे रोज यायची. तिचे बाबा दूर बोटीवर होते. बाबा दिसले की अबोली हसायची. हसत हसत नारळाची वडी खायची. एक कण खाली पडायचा. टुप्! तो कण मुंगीचा.

दसऱ्याच्या दिवशी कण पडलाच नाही!

मुंगी निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

"अबोली, अबोली, खा ना! माझा कण पडेना."

अबोली टेबलाखाली रुसून बसलेली. "उद्या बाबांची बोट बंदर सोडणार, मग बाबा दिसायचे नाहीत. बाबा दिसत नाहीत, तोवर मी खाणार नाही!"

तुरूतुरू तुरूतुरू.

"कॉम्प्युटरदादा, लाग ना! बाबा दिसेनात, अबोली खाईना, माझा कण पडेना."

"वायर येत नाही, तोवर मी लागणार नाही!"

तुरूतुरू तुरूतुरू.

"वायरताई, ये ना! कॉम्प्युटर लागेना, बाबा दिसेनात, अबोली खाईना, माझा कण पडेना."

"माझी दोन्ही टोकं स्विचच्या पोटात! स्विच सोडत नाही, तोवर मी येणार नाही!"

स्विच म्हणजे लुकलुक दिव्यांचा डबा. सगळ्या वायरी त्याच्यात.

तुरूतुरू तुरूतुरू.

"स्विचदादा, सोड ना! वायर येईना, कॉम्प्युटर लागेना, बाबा दिसेनात, अबोली खाईना, माझा कण पडेना."

"गरगर गरगर! माझंच बोलणं फिरून माझ्याकडे येतंय. मावशी वायरच्या टोकाचा खटका दाबत नाही, तोवर मी सोडणार नाही!"

तुरूतुरू तुरूतुरू.

"मावशी, खटका दाब ना! स्विच सोडेना, वायर येईना, कॉम्प्युटर लागेना, बाबा दिसेनात, अबोली खाईना, माझा कण पडेना."

"अगं बाई! ते टोक मीच खोचलं. पूजेला सगळं पुसलं ना, तेव्हा ते लोंबत होतं. पूजेत लोंबतं बरं दिसतं का? पण आता मांडलेली पूजा कशी हलवू? आधी अक्षता वाहायच्या. त्याही सगळ्यांत धाकट्याने. आणि धाकटी अबोली तर रुसलीय!"

मुंगी म्हणाली, "अबोलीहून धाकटी तर मी!"

तिने अक्षतेचा एक दाणा उचलला. पोट म्हणालं, खा खा! मुंगीने नाही खाल्ला. स्विचवर नेऊन वाहिला. टुप्!

अक्षता पडली. मावशीने खटका दाबला. टक्! स्विचने टोक सोडलं. वायर आली. सुळ्ळ! कॉम्प्युटर लागला. बाबा दिसले!

"अबोले, माझं दसऱ्याचं सोनं कुठाय गं?"

अबोली टेबलाखालून धावली. तोंडात वडी कोंबली. बोलली, हसली, रडलीसुद्धा. आणि कण पडला. टुप्! बरोबर मुंगीपुढे.

आता अबोली मोठी झाली. ती खोली नाही, ढेरपोटे कॉम्प्युटर नाहीत. बाबा घरीच असतात, शेजारी बसून वडी खातात. तरी दसऱ्याला अबोली एक कण मुद्दाम खाली पाडते.

आणि कोपऱ्यातून कुणीतरी येतं.

तुरूतुरू तुरूतुरू.