दयाळाची वाटी

"आणि पिल्लं घरट्याबाहेर फेकतो, तो बापच असतो का, सर?"

शर्वरीनं हे विचारलं तेव्हा मुजावर सर पिंजऱ्यासमोरच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. नाडी बांधून झाली. मग त्यांनी दुसऱ्या बुटाची सोडली आणि तीही नव्यानं बांधली.

"तू पाहिलंस?"

"कॅमेऱ्यात पाहिलं. गेल्या वेळी."

"मग मला कशाला विचारतेस?"

झालं! या माणसाला सरळ प्रश्न विचारावा आणि सरळ उत्तर मिळावं, हे सुख आजवर कुणाला लाभलं नव्हतं. बशीर मुजावर यांनी उभा जन्म या टेकडीवरच्या प्राणिसंग्रहालयात काढला. गाणारे पक्षी पिंजऱ्यात वाढवावेत तर त्यांनीच, असं लांबलांबची माणसं म्हणत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत शर्वरी खराडे आली.

पोरगी हुशार होती, यात वाद नाही. परदेशात शिकून आली होती आणि ते कुणी विसरू नये, याची काळजीही घेत होती. आल्या दिवशीच तिनं सरांना ऐकवलं की तुमचा काळ वेगळा होता, आता सगळं शास्त्रानं होतं. सरांनी मान डोलावली, किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला आणि घरी जाऊन मस्त ताणून दिली.

आज तीच शर्वरी त्यांना स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन आली होती. गरज पडली की अकड कुठल्या कुठे जाते बघा.

गरज होती दयाळाची. काळापांढरा, शेपटी उभारून गाणारा हा पक्षी. पाखरं विकणाऱ्यांवर धाड पडली, तेव्हा ही जोडी सुटून इथं आली. चिमुकल्या पिंजऱ्यांत राहून दोघांच्या पंखांतलं बळ गेलेलं, त्यामुळं त्यांना रानात सोडण्याची सोय नव्हती. पण त्यांची पिल्लं या मोठ्या, झाडाझुडपांच्या पिंजऱ्यात वाढली तर खुशाल टेकडीवर उडून जाणार होती. शर्वरीनं सगळा जीव यातच लावला होता.

गेल्या विणीला पिल्लं झाली आणि बापानं एकेक करून खाली टाकली. तिनं ती पारिजातकाखाली पुरली. संचालकांनी तेव्हाच बजावलं होतं, अजून एक संधी. यंदाही पिल्लू उडालं नाही, तर पिंजऱ्यात रंगीत पोपट येतील आणि ही जोडी फुटून दोन गावांना जाईल.

आणि आज पहाटे पुन्हा अंडी फुटली होती.

तिनं फोन सरांच्या नाकासमोर धरला. झाडाला टांगलेल्या लाकडी पेटीत कॅमेरा होता. पडद्यावर गुलाबी, आंधळे जीव एकमेकांवर लोळत होते आणि चोची उघडत होते. सरांनी फोन हळूच बाजूला सारला, कारण त्याच्यामुळं त्यांना पिंजरा दिसत नव्हता.

मग तिनं घडाघडा सांगायला सुरुवात केली. यंदा तिनं कसली म्हणून कसर ठेवली नव्हती. स्टीलची मोठी वाटी जिवंत अळ्यांनी काठोकाठ भरलेली, जरा खाली गेली की पुन्हा भरायची. अळ्यांना ताकदीची पूड चोळलेली. गेल्या वेळी कदाचित खाणं कमी पडलं असेल, म्हणून यंदा दुप्पट.

"नर कसा आहे?" सरांनी विचारलं.

"एकदम टकाटक. ऐका ना."

सर्वांत वरच्या फांदीवर बसून नर गात होता. काय गात होता! वाटी गाठायची, झटपट चार अळ्या पिल्लांच्या चोचीत कोंबायच्या, उरलेल्या आपण चापायच्या आणि पुन्हा वर जाऊन सूर लावायचा. सरांनी डोळे मिटले.

"छान गातो."

"हो ना?"

"फारच छान गातो…"

शर्वरीला वाटलं, ही आपली पाठ थोपटली. ती खुलली.

सर उठले, दार उघडून आत गेले. भरलेली वाटी उचलली. आणि सरळ पालापाचोळ्यात पालथी केली.

वर पायानं पाला ढवळला. अळ्या बघता बघता पानांखाली गडप झाल्या. रिकामी वाटी काखेत मारून सर बाहेर आले आणि बाकावर बसले.

शर्वरी ताडकन उभी राहिली. तोंडाला येईल ते बोलत सुटली. पिल्लं आजच जन्मलीत, आईबाप त्या पाल्यात कुठं चाचपडत बसतील, तोवर पिल्लं उपाशी मरतील, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत. सर ऐकत होते.

"कारण तरी सांगा, सर."

"चहा मिळेल?"

"सर…"

"साखर कमी."

तिनं चहा पाठवला. स्वतः गेली नाही. रागानं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. म्हातारा सूड तर उगवत नाही ना, असंही एकदा मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला.

दिवसभर ती फोनमध्ये डोळे घालून बसली. नर खाली उतरला होता. एक पान उलटायचा, दुसरं उलटायचा, मान वाकडी करून बघायचा. अळी सापडली की पेटीकडं पळायचा. राखी रंगाची मादीही तेच करत होती. दोघांना दम घ्यायला फुरसत नव्हती. आणि नराचं गाणं बंद पडलं होतं, अगदी ठार बंद. शर्वरीचा जीव तुटत होता. गाता पक्षी मुका झाला, पिल्लं तोंडं वासून बसली आहेत आणि आईबापांची ही वणवण.

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी तिनं नवी वाटी आणली. काठोकाठ भरून जागेवर ठेवली.

मायेनंच केलं, दुसरं काय.

थोड्याच वेळात वरच्या फांदीवरून सूर आला. शर्वरी खुर्चीतून उठलीच. चढा, गोड, मोकळा सूर! पडद्यावर पिल्लांची पोटं टम्म फुगलेली. बरोबर होतं आपलंच, तिला वाटलं, सर आले की त्यांना हे दाखवायचं. आनंदानं तिला एका जागी उभं राहवेना.

गाणं थांबलं. नर पेटीच्या तोंडाशी आला.

त्याच्या चोचीत काही नव्हतं.

तो आत वाकला. एका पिल्लाचा पंख त्यानं चोचीत धरला आणि ओढला.

शर्वरी धावत सुटली. कार्यालयाच्या पायऱ्या, माकडांच्या पिंजऱ्याचं वळण, चपलेचा तुटलेला अंगठा, कशाचं तिला भान नव्हतं. दार उघडून ती आत शिरली तेव्हा पिल्लू पाल्यावर पडलं होतं. तिनं ते ओंजळीत घेतलं. ऊन होतं अजून. चोच उघडली… मिटली… पुन्हा उघडली.

तिनं पेटीपाशी हात उंचावून ते अलगद आत सोडलं.

नर फांदीवर जाऊन बसला. शेपटी उभारली आणि गाऊ लागला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग वाटीकडं. ती अजून अर्धी भरलेली होती. या गड्याला काही शोधायचं नव्हतं, कुठं जायचं नव्हतं. पिल्लांचं पोट भरून झालं होतं, त्याचंही भरलं होतं, आणि सगळा दिवस मोकळा पडला होता. मोकळा वेळ म्हणून गाणं. गाणं झालं म्हणून नव्या घरट्याची हौस. आणि नवं घरटं मांडायचं तर आधी ही पेटी रिकामी करायला हवी… गेल्या वेळचीही वाटी तिला आठवली. तेव्हाही ती भरलेलीच होती, कधी कमी पडलीच नव्हती.

शर्वरीनं वाटी उचलली आणि पाल्यात पालथी केली. पायानं पाला ढवळला, चांगला खोलवर ढवळला.

नरानं गाणं अर्ध्यावर सोडलं. खाली उतरला. एक पान उलटलं.

जाळीबाहेर मुजावर सर उभे होते. कधी आले होते कोण जाणे. तिच्या हातातली रिकामी वाटी त्यांनी पाहिली. आणि ते बाकावर जाऊन बसले.

नंतरचे दिवस शर्वरीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. रोज सकाळी ती पाल्यात अळ्या लपवायची, रोज नव्या जागी, कधी ओल्या लाकडाखाली, कधी दगडाच्या सांदीत. नर दिवसभर मुकाट राबायचा. पेटीतल्या गुलाबी जिवांना पिसं फुटली, डोळे उघडले. पडलेलं पिल्लू कुठलं, हेही आता ओळखू येईना. सर रोज येत, बाकावर बसत, चहा पीत आणि जात.

आणि मग तो दिवस उजाडला.

पेटीच्या तोंडाशी एक ठिपक्याठिपक्यांचं डोकं आलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि अंग टाकून दिलं. पडलं म्हणावं की उडालं म्हणावं! खालच्या फांदीवर कसंबसं जाऊन चिकटलं. त्याच्यामागं दुसरं, मग राहिलेलं. सगळीच बाहेर! माळी खुरपं टाकून आला, तिकीटवाल्या बाई खिडकी बंद करून आल्या, खुद्द संचालक पँट वर ओढत धावत आले आणि पोपटांचं काय ठरलं होतं ते सोयीस्कर विसरले. शर्वरी हसत होती आणि डोळे पुसत होती. तिनं तिकीटवाल्या बाईंना मिठी मारली. सरांना मारावी की नाही ते तिला ठरवता येईना, तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

सगळे पांगले. बाकावर दोघंच उरली.

आनंद अंगात मावत नव्हता, तरी त्यात एक कुसळ टोचत होतं. शेवटी तिनं ते काढलंच.

"सर, एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी सांगून का नाही टाकलंत?"

सर पिंजऱ्याकडं बघत होते.

"पिल्लू मेलं असतं," शर्वरी म्हणाली.

"मेलं असतं," सर म्हणाले.

"आणि तरी तुम्ही…"

आत नर चोचीत अळी घेऊन पिल्लाजवळ आला होता. पिल्लानं चोच उघडली. नर तसाच मागं सरकून पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला, अळी चोचीतच. पिल्लू ओरडलं, चिडलं, पंख फडफडवले… आणि झेपावलं.

मुजावर सरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. कप बाकावर पालथा ठेवला.

"कसं सांगू, पोरी… वाटीत घालून?"