सरजाबाईंनी हातचं राखलं नाही

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट त्या काळातली आहे, जेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि माणसं नावेची वाट बघत काठावर गप्पा मारत बसत.

तेव्हा एका राज्याच्या राजधानीत मुलींचं एक विद्यालय होतं. राजाच्या आजीने ते हौसेने बांधलं होतं. तिथे मुली गणित शिकत, वैद्यक शिकत, आणि संध्याकाळी मागच्या अंगणात टोपलीचेंडू खेळत. खेळ दिसायला सोपा होता. दोन उंच खांब, प्रत्येक खांबावर बुरुडाने विणलेली बिनबुडाची टोपली, आणि आपटला की उसळणारा एक चामड्याचा चेंडू. एका बाजूला पाच मुली, दुसऱ्या बाजूला पाच. चेंडू हातात धरून पळायचं नाही. आपटत न्यायचा, एकमेकींकडे फेकायचा, आणि समोरच्यांच्या टोपलीत टाकायचा.

हा खेळ शिकवायला सरजाबाई आल्या तेव्हा त्या अगदी तरुण होत्या. अंगणात दगड होते. खेळायला मूठभर मुली होत्या, आणि त्यातल्या दोघी चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेत.

बाईंनी आधी दगड वेचले, मुलींनाही वेचायला लावले. मग जमीन चोपून घेतली. डोळे मिटणाऱ्या मुलींकडे त्यांनी काही दिवस कापसाची उशी फेकली, मग चिंध्यांचा गोळा, मग चेंडू. त्या दोघी काही मोठ्या खेळाडू झाल्या नाहीत. पण त्यांनी पुन्हा कधी डोळे मिटले नाहीत.

येणारेजाणारे कुंपणाशी थांबून हसत. म्हणत, "कासोटा मारून उड्या मारायच्या, यात शिकवायचं काय?"

बाई ऐकून घेत आणि म्हणत, "थांबलाच आहात, तर तेवढा बाहेर गेलेला चेंडू इकडे टाका."

बाईंचं शिकवणं साधं होतं. "चेंडू हातात आला की आधी टोपली बघू नका," त्या म्हणत. "आधी मैत्रीण बघा. कोण मोकळी आहे, कोण दमली आहे, कोण घाबरली आहे. हे दिसलं की टोपली आपोआप दिसते."

दर वर्षी भात कापून झालं की राजधानीत मेळा भरे. गावोगावचे संघ येत आणि जिंकणाऱ्या संघाला चांदीचा कलश मिळे. पहिली काही वर्षं बाईंच्या मुली हरल्या. मग एकदा जिंकल्या. मग पुन्हा जिंकल्या. आणि त्यानंतर त्या हरायचंच विसरून गेल्या. कलश राजवाड्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसला तो तिथून हललाच नाही. राजा पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवी. कुंपणाशी हसणारे आता बाईंना वाट सोडून उभे राहत.

असं बरंच चाललं. आणि मग एका वर्षी बाईंच्या लक्षात आलं, की मेळ्याला संघ कमी येत आहेत. पुढच्या वर्षी आणखी कमी आले. त्याच्या पुढच्या वर्षी समुद्रकाठच्या एका गावातून तेवढा एकच संघ आला. त्या मुली मैदानात उतरल्या त्याच मुळी खाली मान घालून. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तोच राजा जांभई देऊन उठून गेला. प्रेक्षकही पांगले. बाईंच्या मुलींनी कलश घेतला, पण आपसात त्या संध्याकाळच्या जेवणाबद्दलच बोलत होत्या.

समुद्रकाठची एक मुलगी कडेला बसून पायातला काटा काढत होती. बाई तिच्याजवळ गेल्या. "पुढच्या वर्षी जरा लवकर या," त्या म्हणाल्या. "चालून दमता तुम्ही."

"आम्ही नाही येणार, बाई," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "घरचे म्हणतात, हरायलाच जायचं तर एवढं चालायचं कशाला? आमच्याकडे शिकवणारं कुणी नाही. खांबही काढून टाकणार आहेत. जाळी वाळत घालायला लाकूड लागतं."

त्या दिवशी विजयाच्या पंगतीत बाईंना घास गेला नाही. आपण जिंकत गेलो आणि खेळ आटत गेला, एवढं एकच त्यांच्या मनात घोळत राहिलं.

त्या वर्षी बाईंची सगळ्यांत चांगली खेळाडू होती केवडा. उंच, चपळ, आणि बाईंवर जीव टाकणारी. तिचं शिक्षण संपलं होतं. विद्यालयात राहून बाईंच्या हाताखाली शिकवावं आणि पुढेमागे त्यांची जागा घ्यावी, असं तिच्या मनात होतं. बाईंनाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला बोलावलं. "केवडे, समुद्रकाठच्या त्या गावाला जा. तिथल्या मुलींना शिकव."

केवडाचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का, बाई?"

"चुकलं असतं तर पाठवलं नसतं. इथेच ठेवून सुधारलं असतं."

"पण त्या आपल्याला हरवायला बघतील."

"बघू देत की."

केवडा हळूच म्हणाली, "मग सगळं शिकवू नको ना? थोडं हातचं राखून ठेवते."

"मी तुला शिकवताना काय राखून ठेवलं होतं, ते सांग," बाई म्हणाल्या. "तेवढंच तूही राख."

केवडा गेली. जाताना तिने बाईंना नमस्कार केला, पण मागे वळून पाहिलं नाही. तिची नाव नदीपार दिसेनाशी होईपर्यंत बाई काठावर उभ्या होत्या. घरी येऊन त्यांनी पदराने डोळे पुसले आणि संध्याकाळी नेहमीसारख्या अंगणात गेल्या.

त्यानंतर दर वर्षी बाई आपली एक तयार मुलगी बाहेर पाठवू लागल्या. एक डोंगरातल्या गावी गेली, एक कुंभारांच्या गावी, एक सीमेवरच्या खेड्यात. मेळ्याला पुन्हा संघ येऊ लागले. आधी वाईट हरत, मग थोडक्यात हरू लागले.

इकडे समुद्रकाठी केवडाची वेगळीच पंचाईत झाली होती. तिथे सगळी वाळू. वाळूत चेंडू उसळतच नाही. आपटला की तिथेच रुतून बसे. पहिले काही दिवस केवडा रडकुंडीला आली. मग तिने आपटणंच सोडून दिलं. चेंडू जमिनीला लागूच द्यायचा नाही, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात असा फिरवायचा की समोरच्याला तो कुठे आहे तेच कळू नये, असा खेळ तिने मुलींकडून बसवून घेतला.

आणि एका वर्षी मेळ्याच्या शेवटच्या सामन्यात सरजाबाईंच्या मुलींसमोर केवडाच्या मुली उभ्या राहिल्या. राजधानीच्या मुली चेंडूमागे धावून धावून थकल्या. चेंडू हवेतच फिरत होता. बाई कडेला उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडून नकळत निघून गेलं, "हे मी शिकवलेलं नाही."

सामना संपला. कलश समुद्रकाठी गेला.

विद्यालयात रडारड झाली. मथुरा नावाची एक मुलगी, जी त्या वर्षी संघाची पुढारी होती, बाईंसमोर येऊन उभी राहिली. "बाई, खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या की त्यांच्या?"

बाईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. मला शिकायला जायचंय, आणि एकटीला मला ते सगळं लक्षात ठेवता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी समुद्रकाठी गेल्या. केवडाने बाईंना पाहिलं आणि ती गोंधळली. आपल्याला आता बोलणी बसणार, असं तिला वाटलं.

"तो न आपटता फिरवायचा खेळ मला शिकव," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून वाळूत उभ्या राहिल्या.

केवडाच्या मुली कुजबुजल्या. एकीने तर तिचा हात ओढला. पण केवडाने सगळं शिकवलं. बाईंचे हात आता पूर्वीसारखे चपळ नव्हते. चेंडू त्यांच्या हातून निसटे, त्या हसत आणि पुन्हा मागत. मथुरा हे बघत होती. आपल्या बाई कुणाच्या, हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

पण राजा गप्प बसणारा नव्हता. दिवाणखान्यातली कलशाची जागा रिकामी झाली होती. प्रधानाने त्याच्या कानात घातलं, की बाईंनीच विद्यालयाची विद्या परक्या गावांना वाटली. राजाने बाईंना दरबारात बोलावलं.

"बाई, हे खरं आहे?" राजाने विचारलं.

"खरं आहे, महाराज. पण ती गावं परकी नाहीत. आपल्याच राज्यातली आहेत."

राजा जरा चपापला. मग त्याने आवाज चढवला. "कलश राजधानीचा आहे. पुढच्या मेळ्यात तो परत आला नाही, तर तुम्ही विद्यालय सोडायचं. आणि आजपासून एकही मुलगी बाहेर पाठवायची नाही."

"पहिली गोष्ट मान्य आहे," बाई म्हणाल्या. "दुसरी मान्य करता येत नाही. यंदा मथुरा घाटावरच्या गावी जायची आहे. तिथल्या मुलींना मी शब्द दिलाय. त्यांनी खांब पुरूनही ठेवलेत."

"मग परिणामाला तुम्ही जबाबदार," राजा म्हणाला.

बाईंनी मान झुकवली. त्या विद्यालयात आल्या आणि त्यांनी मथुरेची जायची तयारी करून दिली. आपल्या हातात आता धाकट्या, कच्च्या मुली उरल्यात हे त्यांना माहीत होतं. त्या मुलींना त्यांनी वर्षभर आपलं जुनं शिकवलं आणि समुद्रकाठचं नवंही शिकवलं. मेळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या दोन साड्या आणि पाण्याचा तांब्या एका गाठोड्यात बांधून ठेवला.

मेळ्याला त्या वर्षी इतके संघ आले, की सामने संपायला दिवस पुरेनात. आसपासच्या झाडांवर माणसं चढून बसली. बाया लेकरांना कडेवर घेऊन आल्या. शेवटच्या सामन्याला पुन्हा बाईंच्या मुली आणि केवडाच्या मुली समोरासमोर आल्या.

असा खेळ कुणी पाहिला नव्हता. चेंडू कधी हवेत वाऱ्यासारखा फिरे, कधी जमिनीवर टाळ्या पिटल्यासारखा वाजे. एक संघ पुढे जाई, दुसरा त्याला गाठी. बाईंच्या धाकट्या मुली पडत होत्या, उठत होत्या, एकमेकींना हात देत होत्या. शेवटी दोन्ही संघ बरोबरीत असताना केवडाच्या संघातली एक ठेंगणी मुलगी दोन उंच मुलींच्या मधून सटकली आणि तिने पाठमोरी उडी मारून चेंडू सोडला. तो टोपलीच्या काठावर नाचला, आत पडला आणि सामना संपला.

सगळं मैदान उठून उभं राहिलं. आणि राजाही उभा होता. त्याचे दोन्ही हात वर होते आणि तो सगळ्यांबरोबर ओरडत होता. आपण कुणासाठी ओरडतोय याचं त्याला भानच नव्हतं.

प्रधान त्याच्या कानाशी वाकला. "महाराज, आपण हरलो."

राजाने हात खाली घेतले. तो खाली बसला.

तेवढ्यात सरजाबाई गाठोडं घेऊन समोर आल्या. त्यांच्या मागे त्यांच्या मुली रडत होत्या. "महाराज, आपला शब्द मला मान्य होता," बाई म्हणाल्या. "निघते."

"ते गाठोडं खाली ठेवा, बाई," राजा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "आपण जिंकत होतो तेव्हा मी कधी सामना शेवटपर्यंत पाहिला नाही. आज जागचं हलवेना मला. मी चुकलो. तुम्हाला काय द्यायचं ते मागा."

"मला काही नको," बाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "कलश जो जिंकेल त्याच्या गावात राहू दे. येणाऱ्याजाणाऱ्या मुलींना तो दिसू दे. आणि ज्या गावात खांब नाहीत, तिथे खांब द्या."

राजाने तसा हुकूम काढला. त्या वर्षी कलश समुद्रकाठी राहिला, पुढे घाटावर गेला, मथुरेच्या मुलींकडे. मध्ये दोनदा राजधानीतही आला.

सरजाबाई त्यानंतरही खूप वर्षं शिकवत राहिल्या. त्यांचे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी संध्याकाळी त्या अंगणात असतच. त्या कधी जिंकल्या, कधी हरल्या. हरल्या की जिंकणाऱ्या मुलींना जवळ बोलावून विचारत, "ते कसं केलंत, पुन्हा करून दाखवा बरं."

एक दिवस त्यांनी राजाला निरोप पाठवला, की आता उभं राहवत नाही, माझ्या जागी दुसरं कुणी बघा. एवढी मोठी जागा कोण घेणार, म्हणून राजा काळजीत पडला. प्रधानाने गावोगाव माणसं धाडली. माणसं परत आली ती एकच सांगत आली: प्रत्येक गावात एक तरी बाई अशी आहे, जी ही जागा घेऊ शकेल. कोण निवडायची, एवढीच अडचण होती. शेवटी निवड झाली ती एके काळच्या त्या ठेंगण्या मुलीची, जिने पाठमोरी उडी मारून राजधानीला हरवलं होतं.

बोध: जो दुसऱ्याला आपल्या बरोबरीचं होईपर्यंत शिकवतो, तो एखादा सामना हरतो, पण त्याची विद्या कधी हरत नाही.