शेंड्यावरची सभा

फार जुनी गोष्ट. एका माळावरच्या जनावरांची सभा उंबराच्या शेंड्यावर भरायची. पाणवठ्यावर कुणी कधी यायचं, ते तिथेच ठरायचं. सरपंच वानर दर सभेत म्हणायचा, "दवंडी पिटूनही ससे येत नाहीत, कासवं येत नाहीत. या लोकांना गावाची पर्वाच नाही!"

एकदा बुंध्याशी उभी असलेली सशीण पिल्लांना पोटाशी धरून कडाडली, "अहो सरपंच, दर सभेला आम्ही इथेच तर उभे असतो! आम्हाला झाडावर चढता येत नाही, हे तुम्हाला आजवर दिसलं नाही?"

वानराने पानं बाजूला सारून खाली पाहिलं. बुंध्याभोवती अर्धा माळ उभा होता.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "पुढच्या सभेत हा विषय घेऊ. तुम्ही वर येऊन मांडा."