पाणमांजरीचे गोटे

फार पूर्वी नदीकाठी रिंगी नावाची मुंगसाची पोर राहत होती. अंगात बळ खूप, पण नागाशी झुंजताना तिची नजर एकीकडे जाई अन् पाय दुसरीकडे. एकदा तर ती मरता मरता वाचली.

शेजारची म्हातारी पाणमांजर उताणी पडून गोटे उडवत आणि झेलत असे. रिंगी तिला म्हणाली, "मावशी, मला खेळायचं नाही, लढायला शिकव."

"आधी हे झेल तर!" मावशी हसली.

पावसाळाभर गोटे रिंगीच्या नाकावर आपटले. मग हळूहळू, न बघताही, ते पंजात येऊ लागले.

पुढे नाग तिच्या धाकट्या भावंडांच्या बिळाशी आला. रिंगी आडवी उभी राहिली. फणा जिथे पडे, तिथे ती नसेच! बगळेसुद्धा मासे विसरून पाहत राहिले.

शेवटी दमलेला नाग फणा मिटून म्हणाला, "पोरी, तू लढत होतीस की नाचत होतीस?" आणि आल्या वाटेने परत गेला.