म्हंकू वस्तादाची अडलेली गोष्ट

आमच्या आज्याच्या आज्यालाही नेमकं साल सांगता यायचं नाही, इतक्या मागची ही गोष्ट. तेव्हा आंबेघोळ गावात म्हंकू वस्ताद लाठी शिकवायचा. तालीम त्याने स्वतः नदीतले दगड वाहून बांधली होती. जो दगड दोन बैलांना हलत नसे, तो वस्ताद काखेत मारून आणायचा, असं म्हणतात. दगड अजून आहे, आणि तो कुणाच्या काखेत मावेल असं काही मला वाटत नाही. पण ते असो.

नवा गडी आला की वस्ताद त्याला चार महिने नुसता पवित्र्यात उभा करायचा. गुडघे वाकवायचे, लाठी आडवी धरायची आणि वस्तादाच्या शिव्या खायच्या. शेजारच्या गावातला वस्ताद मात्र पहिल्याच दिवशी लाठी गरगर फिरवायला द्यायचा. मग इकडे कोण टिकणार? पाय दुखतात, शेतात काम आहे, असं सांगत एकेक जण सटकला आणि तिघंच उरले. पंचांनी बजावलं, की दसऱ्याला आखाडा भरलेला दिसला नाही तर तालमीत गावाचा कडबा रचू.

त्या दिवशी वस्ताद जेवला नाही. त्याची थोरली बहीण भागुआक्का आखाड्याच्या मातीत मिसळायला हळद कांडत होती. ती म्हणाली, "म्हंकू, तू पोरांसंगं बोलतोस कवा? नुसता वरडतोस. एखादी गोष्ट सांग की."

"मला एकच येती. म्हस चोरीला गेल्याली."

"मग तीच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादाने सुरुवात केली. धारबा नावाच्या गड्याची म्हैस चोरांनी नेली आणि तो एकटाच लाठी घेऊन तिच्या मागावर निघाला. रानात त्याला चौघांनी घेरलं. इथे वस्ताद गप्प झाला.

"फुडं काय झालं?" उरलेल्या तिघांतल्या सिदू कोष्ट्याने विचारलं.

"मला काय इचारतोस? तूच धारबा. सुटून दाव, मग फुडचं सांगतो."

आता घेरायला चौघं आणि सुटायला एक, असे पाच लागणार आणि होते तिघं. सिदू पळत गेला आणि तालीम सोडून गेलेल्या दोघांना धरून घेऊन आला. सिदूला सुटायला दुपार झाली, आणि ते दोघं पुढचं ऐकायला दुसऱ्या दिवशी आपणहून आले. मग धारबा नावेत अडकला, झाडावर अडकला, बाजारात अडकला. गोष्ट वाढत गेली तशी माणसं वाढली. पवित्र्यात उभी राहून ती इतकी स्तब्ध ऐकायची की एका चिमणीने आडव्या लाठीवर घरटं बांधलं, असं म्हणतात.

दसरा आठ दिवसांवर आला आणि वस्तादाला फुशारकी नडली. त्याने धारबाला एका बोळात कोंडलं. मागे भिंत, पुढे ढाल घेतलेला पहारेकरी, आणि बोळ इतका अरुंद की लाठी आडवी होईना. समोरून ढोसलं तर ढालीवर आदळायची. पोरांनी दोन खाटा उभ्या करून तसाच बोळ केला. पाच दिवस सगळे त्यात घुसून दमले, पण कोणी सुटेना.

"वस्ताद, तुमीच दावा आता," सिदू म्हणाला.

पंचाईत अशी की वस्तादालाही येत नव्हतं. देव आला आणि त्याने धारबाला वर उचललं, असं सांगून मोकळं होता आलं असतं. ते त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर घामाघूम झालेली पोरं बघून त्याला लाज वाटली.

"मला बी येत न्हाई," तो म्हणाला.

आता सगळे जातील आणि इथे कडबा येईल, असं धरून तो मान खाली घालून बसला. कोणी हललं नाही. सिदूने ढाल उचलली आणि म्हणाला, "मग तुमी बी या बोळात. समद्यांनी मिळून बघू."

वस्तादाला रडू फुटलं, आणि ते लपवायला तो घाईघाईने खाटांमध्ये शिरला. तेवढ्यात आक्का हळदीचं सूप घेऊन आली. तिने भावाला बाजूला सारलं, लाठी मुसळासारखी उभी धरली आणि ढालीखाली दिसणाऱ्या सिदूच्या पायाच्या बोटांवर कांडायला लागली. सिदू ढाल टाकून नाचत सुटला. वस्ताद असा हसला की तालमीची कौलं खाली आली, असं म्हणतात. दसऱ्याला पंच आले तेव्हा आखाड्यात त्यांनाच उभं राहायला जागा नव्हती.

आंबेघोळच्या तालमीत अजून त्या डावाला आक्काचं कांडण म्हणतात. दसऱ्याला नवा वस्ताद नेमायचा असला की त्याने गोष्ट अशा जागी आणायची, जिथून त्याला स्वतःला सुटता येत नाही. मग सगळ्या गावासमोर 'मला येत नाही' असं म्हणायचं आणि मगच फेटा मिळतो. मागे एका दणकट गड्याच्या तोंडून हे तीन शब्द निघेनात, तेव्हा गावाने फेटा घडी करून वर्षभर ठेवून दिला. पुढच्या दसऱ्याला तो पुन्हा उभा राहिला, लालबुंद होऊन एकदाचं म्हणाला, आणि पोरांनी त्याला हाताला धरून आखाड्यात घेतलं.