बारा हात दरड, दोन बोटं बीळ

फार जुन्या काळी, चैत्रातल्या एका सकाळी, सूर्य हातभर वर आला असताना नदीच्या वळणावरची बारा हात दरड कोसळली. काठावरची मंडळी जमायच्या आतच टिटवीनं ओरडून निकाल दिला, "खेकड्याच्या बिळानं पाडली! हाकला त्याला!"

घर जाणार म्हणून खेकडा नांग्या उगारून पुढं आला. "टिटवीबाई, माझं बीळ दोन बोटांचं. एवढी माती गेली कुठं, ते आधी सांगा."

टिटवी आभाळाकडं बघू लागली. तिथंच खेकड्याला संशय आला. त्यानं नदीला विचारलं.

"लपवू कशाला, बाबा?" नदी म्हणाली. "उन्हापावसानं काठ भुसभुशीत होतो. मी तो खालून पोखरते आणि पलीकडं, जिथं माझा जोर ओसरतो, तिथं माती ठेवते. वर्षानुवर्षं हेच चाललंय."

सगळ्यांनी पलीकडं पाहिलं. नदीनं आणून ठेवलेल्या मातीवाळूच्या रुंद पट्ट्यावर टिटवीची चार पिल्लं बागडत होती.

पण नदीला हाकलणार कोण? खेकड्यालाच हाकललं.

पुढच्या चैत्रात त्याच काठाची आणखी वीस हात दरड कोसळली. तेव्हा तिथं एकही बीळ नव्हतं. ती कुणी पाडली, हे टिटवीनं अजून सांगितलेलं नाही.