पंडिताची मोडकी चिनी

"म्हणजे तू बोलली कोणाशी, इतका वर्ष?"

सोमरक्षितानं डोळे मिटून घेतले. आचार्य शान-यू त्याच्या भाषेत बोलायला लागले की त्याच्या अंगावर काटा यायचा. 'बोलली' काय, 'इतका वर्ष' काय! पैठणच्या व्यापाऱ्यांशी गप्पा मारून मारून म्हाताऱ्यानं ही भाषा जमवली होती, आणि चुकण्याची म्हणून कधी भीड बाळगली नव्हती. वर स्वतःच खुदुखुदु हसायचे.

"कुणाशीच नाही, आचार्य. आधी भाषा यायला हवी. मग बोलायचं."

सोमरक्षित पैठणचा पंडित. वादसभेत भल्याभल्यांची बोलती बंद करणारा. चीनमधल्या या डोंगरावरच्या मठात तो एका कामासाठी आला होता. सोबत आणलेल्या ग्रंथाचा अर्थ इथल्या लोकांना त्यांच्याच बोलीत समजावून सांगायचा. आचार्यांचं आता वय झालं होतं. डोळे मिटायच्या आत तो ग्रंथ आपल्या गावानं ऐकावा, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती.

आणि पंडितानं तोंडात मिठाची गुळणी धरलेली!

"ही भाषा आहे की छळ?" तो आज उसळलाच. "एकेका शब्दाला वेगळी आकृती, आणि दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी! रात्री पाठ कराव्यात, तर सकाळी डोकं रिकामं. बोलायचं, तर आवाज वर न्या, खाली आणा. जरा चुकलं की समोरचा नुसता तोंडाकडे बघत राहतो."

"कठीण आहे," आचार्यांनी मान डोलावली. "फार कठीण आहे."

निदान 'सोपी आहे' तरी म्हणायचं! पंडित आणखीच भडकला.

"मी परत जातो. आज संध्याकाळी बंदरातून जहाज सुटतंय. ते चुकलं तर पुढचं वारं पुढच्या वर्षी. पैठणात अजून माझ्या नावाला मान आहे, आचार्य. इथं शेंबडी पोरंसुद्धा माझ्यापेक्षा बरी बोलतात."

"ग्रंथ?"

"तुमच्यापाशी ठेवून जातो. मला क्षमा करा."



आचार्यांनी स्वतःच्या तोंडातून काहीतरी काढल्यासारखं केलं, मूठ मिटली आणि खिडकीबाहेर भिरकावली.

"काय फेकलंत?"

"तुझा भाषा. संपला. मी विसरली."

आणि त्या क्षणापासून ते चिनीत सुरू झाले. घडाघडा!

"आचार्य, अहो, निरोप तरी धड द्या!"

आचार्यांनी चिनीतच काहीतरी सांगितलं, त्याची पाठ थोपटली आणि चहा ओतायला घेतला. पंडितानं रागारागानं बोचकं उचललं आणि तो डोंगर उतरून गेला.

अंधार पडल्यावर तो परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, केसात पीस, पायात एकच वहाण. धापा टाकत आत शिरला आणि बोलायला लागला. चिनीत, बरं का! पण ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"आचार्य! मी... रस्ता... बदक!"

"बदक?" आचार्यांनीही चिनीतच विचारलं.

"फार बदक! सगळा रस्ता बदक! पुढे आजी, हातात काठी. मागे मी. मला घाई. मी ओरडला."

"काय ओरडलास?"

पंडितानं छाती फुगवली. त्याला येत होती ती पोथ्यांमधली चिनी, तीही वाचण्यापुरती.

"हे सकल जीवांनो, मार्ग मुक्त करा!"

आचार्यांच्या हातातला चहा सांडला.

"मग? ऐकलं का जीवांनी?"

"ऐकला! एक इकडे, एक तिकडे, सगळा बदक भाताच्या शेतात! आजीनं काठी उचलली. मी म्हटला, 'हे माते, क्रोध हा अग्नी आहे.' आजी खाली बसली. पोट धरलं. मला वाटलं, मेली! पण नाही... हसत होती."

"शिव्या नाही दिल्या?"

"दिल्या. थोड्या समजल्या. छान होत्या."

आता आचार्यांनी चहा बाजूलाच ठेवला.

"मग आजीनं शिकवलं, बदकाला काय म्हणायचं. मी म्हटला. आजी हसली. परत म्हटला. परत हसली. मी पण हसला. परत म्हटला... आणि बदक आलं! आचार्य, माझी चिनी ऐकून बदक आलं!"

पंडिताचे डोळे भरून आले होते. वादसभा जिंकूनही इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

"सगळी आली?"

"एक नाही आलं. गवतात लपलं. या काखेत एक बदक, त्या काखेत एक बदक, मी शोधतो, आजी शोधते... तेवढ्यात ढोल."

तो थांबला. जहाज सुटायच्या आधी बंदरात ढोल वाजवायची रीत होती. ढोल ऐकून धावत सुटलं तर जहाज गाठता येई.

"ऐकलास?" आचार्यांनी हळूच विचारलं.

"ऐकला. आजी म्हणाली, जा, तुझं जहाज, पळ! मला समजलं, आचार्य. तिचं सगळं समजलं. मी बंदर बघितला. मी गवत बघितला. मग मी... मी..."

शब्द सापडेना. त्यानं दोन्ही काखांतली नसलेली बदकं आवळून धरली, बंदराकडे पाठ फिरवली, वाकला, आणि मठाच्या त्या जमिनीवर बदकांना बोलवायची हाळी देत फेंगड्या पायांनी चालून दाखवलं. मग खदखदून हसत खाली बसला.

आचार्य डोळे पुसत होते. हसून हसून त्यांना ठसका लागला होता.

"सोमरक्षित," ते म्हणाले, "यातलं एकही वाक्य धड नव्हतं."

पंडिताचा चेहरा उतरला...

आचार्य सरकत सरकत त्याच्या अगदी जवळ येऊन बसले.

"बरं, मग? ते गवतातलं बदक सापडलं का?"